कुत्रा, मूल आणि घरांतील मोठीं माणसें

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांचें कुटुंब मोठें आहे. सासूसासरे, दोन दीर, थोरली जाऊ, तिचीं दोन मुलें, आणि शिवाय सहा वर्षांचा एक कुत्रा. दोन महिन्यांनीं त्यांस स्वतःस पहिलें अपत्य व्हावयाचें आहे, व त्यावरून घरांत दोन तट पडले आहेत. सासूबाईंचें म्हणणें, बाळ घरीं येण्यापूर्वीं कुत्रा कोणास तरी देऊन टाकावा. धाकट्या दिरांचें म्हणणें, इतका गरीब कुत्रा शोधून सांपडावयाचा नाहीं. तो बाळास ओरखडासुद्धां काढणार नाहीं. "यांत खरें कोणाचें?" असें त्या विचारतात.

मला वाटतें, दोन्ही पक्षांच्या हातून एकच चूक होत आहे. दोघेहि कुत्र्याच्या स्वभावाचा निवाडा करावयास बसले आहेत. कुत्रा गरीब कीं तापट, याला महत्त्व नाहीं असें नव्हे. परंतु तान्हें मूल व कुत्रा एका छपराखालीं सुखरूप नांदतात कीं नाहीं, हें मुख्यतः ठरतें तें घरांतील मोठीं माणसें काय करतात यावरून. हें मी केवळ पुस्तकें वाचून लिहीत नाहीं. आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग सांगतें. तो सांगतांना मला अजूनहि संकोच वाटतो. कारण त्यांत अपराध ना कुत्र्याचा होता, ना मुलाचा.

मोती आमच्या घरीं पिल्लू असल्यापासून वाढलेला. नऊ वर्षांत त्यानें कोणास दांत लावला नव्हता. आमचा धाकटा नातू त्या वेळीं दीड वर्षांचा होता व नुकताच धांवूं लागला होता. गौरीजेवणाचा दिवस, घरांत पाहुण्यारावळ्यांसह वीस-बावीस माणसें. आम्ही बायका स्वयंपाकघरांत, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलींत, मोठीं मुलें गच्चीवर. मोती गर्दीस कंटाळून जिन्याखालीं आपल्या गोणपाटावर निजला होता. हातांत पुरणपोळीचा तुकडा घेऊन नातू तेथें गेला, आणि नेहमींप्रमाणें त्याच्या पाठीवर भार देऊन वांकला. किंकाळी ऐकूं आली तेव्हां आम्ही धांवलों. गालावर, डोळ्याच्या जरा खालीं, दांत रुतले होते. डोळा वांचला तो बोटभर अंतरानें.

रात्रीं मूल दवाखान्यांतून परत येऊन झोपल्यावर आम्ही सारीं एकत्र बसलों, तेव्हां ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच वाक्य होतें: "मला वाटलें, तो तुमच्यापाशीं आहे." त्याच्या आईस वाटलें, तो माझ्यापाशीं आहे, मला वाटलें, तो आत्याबाईंच्या मांडीवर आहे, आत्याबाईंस वाटलें, मुलांनीं गच्चीवर नेला असेल. बावीस माणसांच्या घरांत तें मूल एकटें होतें.

दुसरी गोष्ट मनास याहूनहि लागली. आधीं दोन महिने नातू अगदीं जवळ आला कीं मोती गुरगुरत असे. आम्हीं काय केलें? त्याला दटावलें, माझ्या मुलानें दोन-तीनदां चापटहि मारली. पुढें गुरगुरणें थांबलें, आणि "मोती शहाणा झाला" म्हणून आम्हांस समाधान वाटलें. चावल्यानंतर जनावरांच्या डॉक्टरांनीं त्यास तपासलें तेव्हां कळलें कीं त्याच्या मागच्या पायांचे सांधे सुजलेले असून तेथें हात लावतांच त्यास कळ येत होती. पाठीवर भार पडला कीं त्यास दुखे; दुखलें म्हणजे तो गुरगुरे; गुरगुरला म्हणजे मार बसे. त्याला जेवढें बोलतां येत होतें तेवढें तो बोलला होता. आम्हींच त्याचें तोंड बंद केलें, आणि मग तो न सांगतां चावला म्हणून नवल करीत बसलों.

गुरगुरणें हा उद्धटपणा नव्हे, ती सूचना होय. कुकरची शिट्टी कानास लागते म्हणून तींत बोळा कोंबणाऱ्या माणसास आपण काय म्हणूं? कुत्रा मुलाकडे पाहून गुरगुरला, तर त्याला न मारतां, न ओरडतां, प्रथम मूल उचलून दूर न्यावें. आणि मग स्वस्थ बसून विचार करावा, कीं त्याला काय खुपलें? खाणें? झोप? दुखणें? कीं कोपऱ्यांत अडकल्याची भीति? कारण सांपडलें म्हणजे उपाय सांपडतो. सूचनाच नाहींशी केली तर कारण तसेंच राहतें, फक्त दिसेनासें होतें.

आणि गुरगुरणें ही कांहीं पहिली सूचना नव्हे. त्याच्या आधीं कुत्रा पुष्कळ कांहीं सांगत असतो. पण तें मुक्या भाषेंत. नॉर्वेमधील टुरिड रुगास या बाईंनीं कुत्र्यांच्या या भाषेचें वर्षानुवर्षें निरीक्षण करून तिच्याकडे सर्वांचें लक्ष वेधलें. मूल जवळ आलें असतां कुत्रा तोंड दुसरीकडे फिरवितो. जवळ खाण्याचें कांहीं नसतां ओठ व नाक चाटतो. झोप आलेली नसतां जांभई देतो. पुढचा एक पाय किंचित् उचलून धरतो. कान मागें पाडतो, शेंपटी पोटाखालीं घेतो. डोळ्याच्या कडेनें पांढरें दिसूं लागतें. या साऱ्याचा अर्थ एवढाच, कीं "मला हें नको आहे." तेवढ्यानें भागलें नाहीं तर तो उठून जाऊं पाहतो. जावयास वाट नसेल तर अंग ताठ होतें, उघडें असलेलें तोंड एकाएकीं मिटतें, तो क्षणभर दगडासारखा निश्चल होतो. हा क्षण फार महत्त्वाचा. पुष्कळांस वाटतें, बघा किती शांतपणें सोसून घेतो! वस्तुतः तो सोसून घेण्याचा शेवट असतो. यानंतर गुरगुरणें, मग हवेंत तोंड मारणें, आणि सर्वांच्या शेवटीं चावा. चावा म्हणजे कुत्र्याचें पहिलें वाक्य नव्हे, शेवटचें होय.

याच संबंधांत दोन जुन्या समजुती सोडून दिलेल्या बऱ्या. भुंकणारा कुत्रा चावत नाहीं, ही म्हण माणसांना लावावयास ठीक आहे. कुत्र्यांस ती ठाऊक नाहीं. दुसरी समजूत, शेंपटी हालविणारा कुत्रा नेहमीं आनंदांतच असतो. सबंध अंग सैल सोडून, कंबर हालवीत शेंपटी हालविणें हा आनंद खरा. परंतु अंग ताठ आणि शेंपटी उंच धरून तिचें टोंक भराभर हालविणें ही उत्तेजना होय, आणि ती कोणीकडे वळेल याचा नेम नसतो.

आतां मुलाची बाजू पाहूं. ही सारी भाषा मोठ्यांस शिकावी लागते, तर दोन-तीन वर्षांच्या मुलास ती कोठून येणार? इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठांत कर्स्टिन माइंट्स व त्यांचे सहकारी यांनीं लहान मुलांस कुत्र्यांचे निरनिराळे चेहरे दाखवून त्यांचा अर्थ विचारला, तेव्हां असें आढळलें कीं दांत विचकलेल्या कुत्र्यास पाहून पुष्कळ लहान मुलें "हा हसतो आहे" असें समजतात. माणसाचे दांत दिसले म्हणजे माणूस हसतो. मुलास ठाऊक असलेला चेहरा तोच. जेथें मोठा माणूस मागें सरेल तेथेंच मूल जास्त जवळ जातें, आणि तेंहि चेहरा पुढें करून. मुलाची उंचीहि अशी, कीं त्याचें तोंड व कुत्र्याचें तोंड एका पातळीवर येतें. म्हणूनच लहान मुलांस होणाऱ्या जखमा बहुधा चेहऱ्यावर, डोक्यावर व मानेवर असतात, आणि चावणारा कुत्रा पुष्कळदां परका नसून घरचा किंवा ओळखीचा असतो. म्हणून "मुलाला समजावून सांगितलें आहे" या भरंवशावर राहूं नये. शिकवावें जरूर; परंतु मूल पांच-सहा वर्षांचें होईपर्यंत शिकवणें हें लक्ष ठेवण्याच्या जोडीला असावें, त्याच्या जागीं नव्हे.

येथवर पत्र लिहिणाऱ्या भगिनीस वाटलें असेल, कीं माझा कल सासूबाईंकडे आहे. तसें नाहीं. त्यांच्या हातांत अजून दोन महिने आहेत, आणि दोन महिन्यांत पुष्कळ तयारी होते.

बाळ आल्यावर कुत्र्याच्या दिनक्रमांत जो फरक पडणार तो आजपासूनच हळूहळू पाडावा. त्यानें बाळंतिणीच्या खोलींत निजूं नये असें ठरवावयाचें असेल, तर तें आतांच ठरवावें. नाहींतर बाळ आलें आणि आपली जागा गेली, असा हिशेब त्याच्या मनांत बसतो. फिरावयास नेणें, जेवूं घालणें हीं कामें आजवर सूनबाई करीत असतील, तर तीं दिरांनीं आतांपासून आपल्याकडे घ्यावींत. कुत्र्याविषयींचें त्यांचें प्रेम खरें आहे कीं नाहीं, हेंहि त्यावरून कळेल. पाळणा, दुपटीं, खुळखुळा या वस्तु आधीं आणून कुत्र्यास लांबून वास घेऊं द्यावा. तान्ह्या मुलाचें रडणें ध्वनिमुद्रित मिळतें. तें प्रथम अगदीं हळू लावून त्याच वेळीं कुत्र्यास आवडीचा घास द्यावा, व आवाज थोडाथोडा वाढवीत जावें. बाळंतिणीची खोली व बाहेरची खोली यांमध्यें कमरेइतक्या उंचीचें गजांचें फाटक बसवून घ्यावें. सुतार तें एका दिवसांत करून देतो, व पुढें रांगत्या मुलास जिन्यापासून दूर ठेवण्यासहि तें उपयोगी पडतें.

बाळ घरीं यावयाच्या दिवशीं दारांत गर्दी असते, ओंवाळणें असतें, सर्वांचे आवाज चढलेले असतात. अशा वेळीं कुत्र्यास समोर आणूं नये. त्यास आधीं लांब फिरवून आणावें. बाळंतीण आंत येऊन स्थिर झाली म्हणजे प्रथम तिनें एकटीनें त्यास भेटावें, कारण त्यास ओढ तिची असते. बाळ मागाहून, दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत, कांहीं अंतरावरून दिसूं द्यावें. कुत्रा शांत राहिला तर त्याची पाठ थोपटावी. बाळाच्या तोंडापाशीं त्याचें नाक नेऊन "ओळख करून देणें" मुळींच नको. बारशाच्या दिवशीं तर तो वेगळ्या खोलींतच असावा. पुढेंहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बाळ बाहेर आणलें कीं कुत्र्यास हांकलणें, आणि बाळ निजलें कीं त्याचे लाड करणें, ही बहुतेक घरांची रीत असते. ती उलटी असावी. बाळ समोर असतांना कुत्र्यास गोड शब्द व चांगला घास मिळाला, म्हणजे बाळाचें येणें हें त्यास लाभाचें वाटूं लागतें.

तान्हें मूल व कुत्रा यांस एकट्यांना एका खोलींत क्षणभरहि ठेवूं नये. दूध उतूं जात असो, दाराची घंटा वाजो, उठणाऱ्यानें दोहोंपैकीं एकास बरोबर घेऊन उठावें.

लोकांस वाटतें, पहिले दोन-तीन महिने संभाळले कीं झालें. खरें अवघड दिवस पुढेंच असतात. मूल रांगूं लागतें, तेव्हां आजवर पाळण्यांत असलेली वस्तु एकाएकीं कुत्र्याच्या मागें लागते. तें त्याचे कान धरतें, शेंपटी ओढतें, त्याच्या अंगावर हात रोंवून उभें राहूं पाहतें, आणि हातांतली पोळी त्याच्या तोंडापुढें नाचवितें. आमच्या घरीं घोटाळा झाला तो याच वयांत. या काळांत कुत्र्यास अशी एक जागा असली पाहिजे, कीं जेथें मुलानें कधींच जावयाचें नाहीं. जिन्याखालचा कोपरा, मागील पडवी, कांहींहि चालेल. परंतु मध्यें आड हवी, आणि कुत्र्यास तेथें हवें तेव्हां जातां व तेथून हवें तेव्हां बाहेर येतां आलें पाहिजे. सांखळीनें बांधून ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. बांधलेल्या कुत्र्यास पळतां येत नाहीं. आणि ज्यास पळतां येत नाहीं त्याच्यापाशीं दांतांवांचून दुसरें साधन उरत नाहीं.

तीन-चार वर्षांच्या पुढील मुलांस कांहीं नियम घालून द्यावे, व ते रोजच्या वागण्यांतून अंगवळणीं पाडावे. निजलेल्या, जेवणाऱ्या, आजारी किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्यास हात लावूं नये. त्याच्या गळ्यास मिठी मारूं नये व त्याचा मुका घेऊं नये. माणसास मिठी म्हणजे माया, कुत्र्यास ती पुष्कळदां पकड वाटते. आपण त्याच्याकडे न जातां त्यास आपल्याकडे बोलवावें. आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूस दोन-तीन वेळां हात फिरवून थांबावें. त्यानें अंग पुढें केलें तर आणखी, तोंड फिरवलें तर पुरे. हा लहानसा नियम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याची इच्छा विचारावी, आणि "नाहीं" म्हटलें तर रागावूं नये, हें शिक्षण कुत्र्याच्या निमित्तानें मुलास लवकर मिळतें.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयींहि मुलांस सांगून ठेवावें. कुत्रा अंगावर आला तर पळूं नये, ओरडूं नये, डोळ्यांस डोळा भिडवूं नये. हात अंगाशीं घेऊन खांबासारखें उभें राहावें. पडलोंच तर कांसवाप्रमाणें अंग आंखडून, मुठी कानांवर धरून तोंड झांकावें. घरांत खेळ म्हणून याची चारदोनदां तालीम केली, तर प्रसंगीं तें मुलास आठवतें.

ज्या घरांत मूल आधीं आहे व कुत्रा मागाहून आणावयाचा आहे, तेथें निवड विचारपूर्वक करावी. पिल्लू आठ आठवड्यांचें होईपर्यंत आईपासून तोडूं नये. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोघां संशोधकांनीं अनेक वर्षें पिल्लांचें निरीक्षण करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य निष्कर्ष असा, कीं सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत पिल्लू ज्यांच्या सहवासांत येतें त्यांस तें आपलें मानतें. या दिवसांत ज्यास लहान मुलांचा सौम्य सहवास घडला, तें पुढें मुलांस सहसा बिचकत नाहीं. मात्र पिल्लू खेळतांना दांत लावतेंच, आणि तीं दुधाच्या दांतांचीं टोंकें सुईसारखीं असतात. तान्हें मूल व अल्लड पिल्लू यांस एकाच वर्षीं वाढविणें म्हणजे घरांतील बाईवर दोन बाळंतपणें लादणें होय. मूल शाळेंत जाऊं लागेपर्यंत थांबलें तर कांहीं बिघडत नाहीं.

आतां एकत्र कुटुंबाविषयीं. आपल्या घरांत माणसें पुष्कळ, म्हणून मूल सुरक्षित, असें आपण धरून चालतों. परंतु दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशीच गत दहा जणांच्या नजरेखालीं असलेल्या मुलाची होते. त्या रात्रीनंतर आम्हीं एक रीत घातली. मूल ज्याच्यापाशीं असेल तोच त्याचा राखणदार. आणि राखण दुसऱ्याकडे द्यावयाची तर ती तोंडानें बोलून द्यावयाची. "वहिनी, आतां हा तुमच्याकडे," असें म्हणावयाचें, आणि "हो, माझ्याकडे," असें उत्तर कानीं आल्यावांचून उठावयाचें नाहीं. प्रथम सर्वांस हें नाटकी वाटलें. आत्याबाई तर हंसल्याहि. पण महिन्याभरांत तें इतकें अंगीं मुरलें कीं पाहुणेमंडळीहि तसेंच बोलूं लागली. राखण म्हणजे एका डोळ्यानें मूल व दुसऱ्यानें फोनचा पडदा पाहणें नव्हे. हात लांब केला तर मूल हातीं लागेल, इतकें जवळ असणें होय. आणि सणावारीं, जेव्हां कोणाचेंच लक्ष ठिकाणावर नसतें, तेव्हां कुत्रा फाटकापलीकडे. यांत त्याचा अपमान नाहीं. त्यासहि त्या दिवशीं शांतता हवीच असते.

आरोग्याच्या गोष्टी थोडक्यांत सांगतें. कुत्र्यास सुमारें तीन महिन्यांचा असतां रेबीजची लस टोंचावी, व पुढें डॉक्टरांनीं सांगितलेल्या मुदतीस न चुकतां पुन्हां टोंचवून तिचा दाखला जपून ठेवावा. जंतांचें औषधहि वेळेवर द्यावें; कुत्र्याच्या पोटांतील गोल जंतांचीं अंडीं मातींतून मुलांच्या तोंडांत जाऊं शकतात, म्हणून अंगणांतील घाण तत्काळ काढावी व जेवणापूर्वीं मुलांचे हात धुवावे. मुलें प्रेमानें आपल्यांतलें खाणें कुत्र्यास देतात. परंतु चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षें आणि पंचखाद्यांतले बेदाणे त्यास विषासारखे आहेत, हें त्यांस सांगून ठेवावें. कुत्रा म्हातारा झाला, त्याचें दिसणें-ऐकणें मंदावलें, किंवा स्वभाव एकाएकीं चिडका झाला, तर त्यास शिक्षा न करतां आधीं तपासून घ्यावें. आमच्या मोतीस दोन महिने आधीं नेलें असतें, तर हा लेख लिहावयाचें कारण पडलें नसतें.

इतकेंहि करून चावा झालाच, तर घाबरूं नये आणि वेळहि दवडूं नये. आमच्या घरीं आत्याबाई हळद व तिखट घेऊन धांवल्या होत्या. त्यांच्या लहानपणीं तसेंच करीत. धाकट्या सूनबाईनें कोणाचें न ऐकतां मूल नळाखालीं धरलें, आणि साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटें जखम धुतली. तेंच बरोबर होतें. वाहतें पाणी आणि साबण यांनीं जखमेंतील विषाणू बऱ्याच अंशीं धुवून जातात. तिखट, चुना, तेल, हळद यांनीं मात्र जखम चिडते व धुण्याचें राहून जातें. धुतल्यावर जंतुनाशक लावून, जखम घट्ट न बांधतां, त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कातडी फुटून रक्त आलें असेल, तर लशीखेरीज जखमेच्या आंत व भोंवतीं रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन टोंचावें लागतें. तें दिलें कीं नाहीं, हें घरच्यांनीं आपण होऊन विचारावें. नुसता ओरखडा असला तरी डॉक्टरांस दाखवावा. कुत्रा घरचा व लस टोंचलेला असला, तरीहि उपचार हवा कीं नको हें आपण ठरवूं नये. चावलेल्या कुत्र्यास मारूं नये किंवा हांकलून देऊं नये. त्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते, आणि तो तेवढे दिवस निरोगी राहिला, तर पुढील उपचारांचा निर्णय डॉक्टरांस घेतां येतो.

वडीलधाऱ्या माणसांच्या मनांत पोटांतल्या चौदा सुयांची धास्ती अजून घर करून आहे. ती खोटी नव्हती. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यांची लस जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आली, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर प्रथमच मनुष्याच्या हातीं उपाय आला. आपल्या देशांत कसौली येथें डेव्हिड सेंपल यांनीं १९११ सालीं मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली, ती पुढें नव्वद वर्षें येथें चालली. तिच्या सुया पोटांत घ्याव्या लागत, व त्या फार दुखत. तिचें उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झालें. हल्लींची लस दंडांत, आणि लहान मुलांस मांडींत, चार किंवा पांच दिवशीं देतात: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, आणि पद्धतीप्रमाणें चौदावा व अठ्ठाविसावा. जखम भरली म्हणून शेवटची सुई चुकवूं नये. रेबीज एकदां अंगांत उमटला म्हणजे त्यावर बहुधा उपाय चालत नाहीं. आणि उमटण्यापूर्वीं योग्य उपचार पुरे झाले, तर तो बहुधा उमटतच नाहीं. इतका स्पष्ट भेद दुसऱ्या क्वचितच एखाद्या रोगांत आढळेल.

सगळीकडे हे उपाय पुरतातच, असें मी म्हणणार नाहीं. मुलाकडे टक लावून पाहणारा, पाठलाग करणारा, सूचना न देतां पुन्हां पुन्हां धांवून जाणारा कुत्रा तान्ह्या मुलाच्या घरांत ठेवूं नये. जाणत्या माणसाचा सल्ला घेऊन, मुलें नसलेल्या घरीं, त्याचा सर्व इतिहास सांगून तो द्यावा. रात्रीं गाडींत घालून दूर सोडून येणें मात्र कधींच नको. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें तो गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, काकबळीबरोबर श्वानासाठींहि घांस बाजूस काढून ठेवणाऱ्या घरास तें शोभत नाहीं.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें उत्तर असें. सासूबाईंची काळजी खरी आहे, तिला भित्रेपणा म्हणूं नये. दिरांचें प्रेमहि खरें आहे, पण प्रेम म्हणजे व्यवस्था नव्हे. घरांतील मंडळींनीं एका संध्याकाळीं एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्या: फाटक केव्हां बसणार, कुत्र्याचें सर्व पाहणार कोण, आणि मुलाची राखण एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाणार. तिन्हींचें उत्तर नांवानिशीं मिळालें, तर कुत्रा खुशाल ठेवा. "आम्ही सगळे आहोंत ना!" एवढेंच उत्तर मिळालें, तर सासूबाईंचें ऐका.

मोती त्या प्रसंगानंतर तीन वर्षें जगला. सांध्यांच्या औषधानें त्यास उतार पडला, आणि त्याचें गुरगुरणें परत आलें. तें ऐकून त्या दिवशीं घरांतील सर्वांस बरें वाटलें. नातवाच्या गालावर अजून बारीकसा वण आहे. तो चार वर्षांचा झाला तेव्हां रोज सकाळीं मोतीचें पाण्याचें भांडें भरून फाटकाबाहेर ठेवी, आणि आपण दोन हात दूर, भिंतीशीं बसून राही. मोतीस वाटलें तर तो उठून त्याच्यापाशीं येई. नाहीं वाटलें तर येत नसे. दोघांसहि तें मान्य होतें.